संसारात सगळ्यात जास्त कोण बोलतं?

कापूस घरात यायला लागला की माझ्या अंगाला आधी खाज सुटते आणि मग आठवणी येतात. यंदा दोन्ही जरा जोरातच आल्या, कारण कापसाबरोबर टीव्हीवरचा तो प्रश्नांचा खेळही परत आला. मधली काही वर्षं तो बंद होता. आता पुन्हा त्या समोरासमोरच्या दोन खुर्च्या, निळसर अंधारातली माणसं, उगीच छातीत धडधड व्हावी म्हणून वाजवलेलं संगीत, आणि पडद्याच्या तळाशी चार चौकटींत चार उत्तरं. मूळ खेळ विलायतेतला. आपल्याकडे तो आला तो हिंदी बोलतच आला. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा म्हणायचे, "इंग्रज गेल्ते तवा जे द्यायचं राह्यलं, ते आता पाठवून राह्यले." आणि स्वतःच मोठ्यांदा हसायचे.

तो खेळ पहिल्यांदा आला त्या साली मी या घरात नवी होते. उन्हाळ्यात लग्न होऊन वडीगोद्रीला आले आणि पावसाळ्यात खेळ सुरू झाला. माझं माहेर शहागड, गोदावरीच्या काठचं. एकाच हमरस्त्यावरची ही दोन गावं. आमच्या गच्चीवर वाळवण घालताना शहागडकडे जाणारे ट्रक दिसायचे. कोण कुठले ड्रायव्हर, पानाच्या पिंका टाकत माझ्या माहेरावरून जायचे. मला मात्र सणाशिवाय जाता यायचं नाही, आणि सण आला की घरात पुरणाचं काम निघायचं. मी वाळवण उलटं करून खाली यायचे.

लग्नाआधी अंबडच्या कॉलेजात माझं बी.ए.चं एक वर्ष झालं होतं. बघायला आले तेव्हा मामाच म्हणाले होते, "शिकू द्या की. आमची काई ना न्हाई." त्या एका वाक्यावर माझ्या वडलांनी होकार दिला. ठरलं असं होतं की दुसऱ्या वर्षाला मी बाहेरून बसायचं. रोज कॉलेज नाही, घरी अभ्यास करायचा आणि परीक्षेपुरतं जायचं. त्यासाठी दिवाळी झाल्यावर अंबडला जाऊन परीक्षेचा अर्ज भरावा लागणार होता. त्या वर्षी मला देवाकडे दुसरं काहीच मागायचं नव्हतं. एस.टी.त बसायचं, अंबडला उतरायचं, अर्ज भरायचा आणि परत यायचं, एवढंच माझं मागणं होतं.

माझे यजमान नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात होते. रविवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. अर्जाचं काढलं की म्हणायचे, "अण्णांचं मन बघून विचारतो." अण्णा म्हणजे त्यांचे वडील, माझे मामा. मन बघायला एक रविवार पुरत नाही, असं मी स्वतःला समजवायचे.

दसरा झाला आणि कापूस घरात यायला लागला. भाव चढेपर्यंत विकायचा नाही हा मामांचा बाणा, म्हणून वेचणी झाली की गाठोडी थेट घरात. पुढच्या बैठकीत पाहुणेरावळे, मागे चूल, म्हणून कापूस मधल्या खोलीत. मी झोपायचे ती हीच खोली. आधी एक कोपरा गेला, मग भिंत गेली, मग माझी पेटी मागे गेली. एके दिवशी खिडकीही झाकली. कुणी काही म्हणालं नाही, कापसाला उजेड लागत नाही. ज्यांनी कापसाच्या खोलीत दिवस काढले नाहीत त्यांना सांगून कळायचं नाही, पण कापूस आवाज पितो. बैठकीतलं बोलणं तुमच्यापर्यंत येतं ते गिळलेलं येतं, आणि तुम्ही हाक मारलीत तर ती तिथंच ढिगात बसते. श्वास घेतला की नाकात तो कोमट, सरकीचा तेलकट वास. मला तिथं कोंडल्यासारखं व्हायचं. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, तसं सांगितलं तर म्हणाल्या, "लक्ष्मी हाये ती घरातली. तिला असं म्हणू नाई." मग मी म्हणणं सोडून दिलं.

जेवणं उरकली की खेळ लागायचा. टीव्ही बैठकीत. बैठकीत मामा, त्यांचे दोस्त हाशमभाई, आणि केबल नसलेल्या घरांतले चार-दोन बाप्ये. हाशमभाईंचं रस्त्याकडेला टायरांचं दुकान होतं. घरी उर्दू बोलणारा माणूस, त्यामुळे खेळातली हिंदी अडली की सगळे त्यांच्याकडे बघायचे. आम्ही बायका मधल्या खोलीत, कापसाला पाठ लावून, अर्ध्या लोटलेल्या दाराआड. माझ्या जागेवरून पडद्याचा उजवा अर्धा भाग दिसायचा. चार उत्तरांपैकी बी आणि डी दिसायची, ए आणि सी दाराच्या फळीमागे. त्या खेळात अडलेल्या माणसाला दोन उत्तरं काढून टाकायची सवलत असते. मला ती रोजच फुकट मिळायची, फक्त कधीकधी बरोबर उत्तरच निघून जायचं. कानावर भरवसा ठेवून मी बाकीची दोन ओळखायची.

आत्याबाईंना खेळातला प्रश्न कमी आणि माणूस जास्त दिसायचा. एकदा खुर्चीत बसलेली एक बाई सांगत होती की तिची सारी शिक्षा गावातच झाली. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, पण आत्याबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "अगं बाई! काय केलं होतं ग बिचारीनं?" मी हसून लोळले. मग मला आठवलं की माझीही शिक्षा अंबडला एक वर्ष झाली होती आणि पुढची माफ होईल अशी चिन्हं होती. मी उठून पाणी पिऊन आले.

मला उत्तरं येतात हे फोडलं तेही आत्याबाईंनीच. मी ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे. त्यांनी दोन-चार दिवस ते ऐकलं आणि एका संध्याकाळी दारातून पुढे ओरडल्या, "अवो, हिला समदं येतंय की! तो माणूस बोलायच्या आधी बोलून राह्यली ही!" मग मामा म्हणाले, "इचारा बरं तिला, ह्याचं काय." पाऊस मोजायच्या यंत्राचं नाव होतं काहीतरी. मी आत्याबाईंच्या कानात सांगितलं, त्यांनी ते आपल्या जिभेला जमेल तसं मोडून बाहेर पोचवलं, आणि पडद्यावर ती चौकट हिरवी झाली. हाशमभाईंनी मांडीवर थाप मारली. "माशाल्ला, अण्णासाब! बहू तो हीरा है!"

तेव्हापासून रोजचा रिवाज पडला. सुनेनं मोठ्यांपुढे आवाज काढायचा नाही, म्हणून मी कानात सांगायचं आणि आत्याबाईंनी बाहेर टाकायचं. शास्त्रज्ञांची, नद्यांची, देशांची नावं त्या एका पावलाच्या प्रवासात ओळखू न यावीत इतकी बदलायची. तरी मामा त्यांतूनही माझं उत्तर बरोबर हुडकून काढायचे, आणि चौकट हिरवी झाली की गर्वानं माणसांकडे बघायचे. ऐन प्रश्नात वीज गेली तरी बैठक उठायची नाही. अंधारातून मामांचा आवाज यायचा, "सूनबाई काय म्हणून राह्यली?" मला आवडायचं ते, खोटं कशाला सांगू? दिवसभर ज्या दारातून फक्त चहा बाहेर जायचा, त्या दारातून संध्याकाळी माझं उत्तर जायचं. चहाचे कप मात्र नंतर मीच धुवायचे.

मग मामांच्या डोक्यात फोनचं आलं. खेळात जायचं तर आधी एका नंबरावर फोन लावावा लागे. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज हिंदीत एक प्रश्न विचारी, चार उत्तरं सांगे, आणि आपण बरोबर उत्तराचा आकडा फोनवर दाबायचा. आमचा फोन लाकडी पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली मामांच्या करदोड्याला. रोज दुपारी जेवण झालं की मामा पेटी उघडायचे आणि नंबर लावायचे. रोज तो गुंतलेला. सगळा हिंदुस्तान दुपारी तेच करत असणार. हाशमभाई दुकान पोराच्या गळ्यात टाकून शेजारी बसायचे आणि आत्याबाई दारात. त्यांच्यामागे कापसात मी.

एका दुपारी फोन लागला.

मामा एकदम ताठ बसले. हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. कान देऊन ऐकलं आणि त्यांचा चेहरा गोंधळला. "आं?" मग आमच्याकडे वळून म्हणाले, "संसारात सगळ्यात जास्त कोन बोलतं, असं इचारून राह्यलाय!"

मग सगळ्यांच्या नजरा हळूच आत्याबाईंकडे वळल्या. हाशमभाईंनी तोंडावर रुमाल धरला. "मी?" आत्याबाई उसळल्या. "मी बोलते व्हय जास्त? अन् तुमचं काय वो, सकाळधरून?" मामा एका हातानं त्यांना थोपवतायत, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनमधला तो आवाज कुणाची वाट न बघता उत्तरं सांगत सुटलेला.

माझ्या डोक्यात लख्ख झालं. हिंदीत संसार म्हणजे जग. जगात सगळ्यात जास्त कोणती भाषा बोलली जाते, एवढंच तो बिचारा विचारत होता. आत्याबाईंच्या कानाशी जायला वेळ नव्हता. मी दाराची फळी ढकलली आणि ओरडले, "मामा, भाषा इचारतेत! चीनी भाषा! चीनी कितवी म्हणला, तो आकडा दाबा!"

बैठकीत माझा आवाज पहिल्यांदाच निघाला होता, तोही असा. मामांनी फोनकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. पदर खांद्यावर, केसांत कापूस, दारात उभी. "अरे अण्णासाब, संसार बोले तो दुनिया!" हाशमभाई मागून ओरडले. तोवर फोन कूं-कूं करायला लागला होता.

फोन माझ्या हातात द्यावा हे कुणाच्या मनात आलं नाही. आज नवल वाटतं ते याचं, की माझ्याही मनात आलं नाही.

तो शब्द मात्र माझ्या डोक्यातून जाईना. भाकऱ्या थापतानाही तोच. आमच्या मराठीत संसार म्हणजे चूल, भांडी, नवरा, लेकरं, सासर. दोनशे मैल वर गेलं की त्याच शब्दात महासागर मावतात, वाळवंटं मावतात, माणसं जिथं जिथं बोलतात ती सगळी गावं मावतात. लग्नात मला जो दिला तो संसार कोणता हे विचारायचं राहूनच गेलं. विचारलं असतं तरी उत्तर मराठीतच मिळालं असतं. भाकरी करपली आणि आत्याबाईंनी हाक मारली.

मी ओरडले म्हणून कुणी रागावलं नाही. उलट संध्याकाळी मामा हाशमभाईंना सांगत होते, "आवाज ऐकला का पोरीचा? डायरेक मुंबईला पोचल." आता त्यांनी मनावरच घेतलं. मला त्या खेळात न्यायचं. साडी कोणती, जायचं कसं, उतरायचं कुणाकडे, सगळं बैठकीत ठरायला लागलं. मी दाराआडून ऐकत होते आणि मनात एक साधा हिशेब जुळत होता. जो माणूस मला मुंबईला नेऊन साऱ्या देशापुढे खुर्चीत बसवायला निघालाय, तो अंबडला नाही म्हणेल का? नवऱ्यानं मन बघायची गरजच उरली नाही, असं मला वाटलं.

एका सकाळी मामा अंगणात चहा पीत होते. आत्याबाई मागे गोठ्यात. मी कप ठेवला आणि गेले नाही. मधे कुणाचा कान नव्हता, मी थेट बोलले. "मामा, परीक्षेच्या अर्जाची तारीख जवळ आली. अंबडला जाऊन येऊ का?"

"कशाची परीक्षा?"

"बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची."

मामा हसले. रागानं हसले असते तर बरं झालं असतं, पण ते अगदी मायेनं हसले. "अगं, परीक्षा कोनाची घेतेत? ज्याला येत न्हाई त्याची. तुला तर बिलकुल समदं येतं. परवा त्या खुर्चीवर कोन होता? एम.ए. झालेला होता ना? त्याला आलं का? न्हाई. तुला आलं. मंग तुला काय करायचं कॉलेज? फुकटचा खर्चा अन् हेलपाटे."

"पण मुंबईला..."

"मुंबईला घरचं माणूस राहील की संगं. अन् ते टीव्हीतलं हाये, ते येगळं." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "आज जल्दी जेवण उरका. आज नवा गडी बसनारे खुर्चीत."

मी कप घेऊन आत आले आणि कापसाला टेकून उभी राहिले. पाठीमागचा ढीग थोडा दबला आणि पुन्हा फुगला. मी सापडले होते. आणि धरून दिलं होतं माझ्याच उत्तरांनी. रोज संध्याकाळी हौसेनं एकेक दिलेलं उत्तर, आणि त्या सगळ्यांची मिळून एक भिंत झाली होती. संताप आला, तोही स्वतःचाच.

मग मी ठरवलं की चुकायचं. येत नाही त्याचीच परीक्षा घेतात ना? मग मला येत नाही. त्या संध्याकाळी ऑस्ट्रेलियाची राजधानी विचारली. कॅनबेरा माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. मी आत्याबाईंच्या कानात सिडनी म्हणाले. येत असलेलं उत्तर गिळायला किती जड जातं हे मला तेव्हा कळलं. पडद्यावर दुसरीच चौकट हिरवी झाली, बैठकीत कुणीतरी "अर्रर्र" केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकले. तिसऱ्या दिवशी मामांनी अंगणात विचारलं, "काय होऊन राह्यलं ग सूनबाई?" मी ठरवून ठेवलेलं वाक्य म्हणाले, "अभ्यास सुटला ना मामा. इसरत चालले." आणि वाट बघत उभी राहिले.

मामांनी मान हलवली आणि निघून गेले. संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी हाशमभाई म्हणाले, "बहू आजकल चूक रही है." मामांचा आवाज कापसातून गाळून माझ्यापर्यंत आला. त्यात दुःख नव्हतं, चांगलं समाधान होतं. "ते बराबरच हाये, हाशमभाई. रमली पोरगी संसारात." बाकीच्यांनी हुंकार भरले. आत्याबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर मला प्रश्न विचारायचे कुणी थांबवले नाहीत, पण उत्तराची वाटही कुणी बघेनासं झालं.

अर्जाची तारीख गेली त्या दिवशी वेचणीची गाठोडी आली होती. मी खोलीत ढिगावर उभी राहून ती वर रचत होते आणि खाली गडीमाणूस एकेक हातात देत होता. ढीग छताला लागला. रविवारी यजमान आले, मी सांगितलं, ते खरंच हळहळले. म्हणाले, "पुढच्या वर्षी. अण्णांचं मन बघून विचारतो." पुढच्या वर्षी थोरला पोटात होता. कापूस त्याही वर्षी चांगला झाला.

आता आत्याबाई नाहीत. हाशमभाईंनी दुकान शहागडला हलवलं, तिथं ट्रक जास्त थांबतात. यजमान आणि दोन्ही लेकरं नवीन जालन्यात, लेकरांची शाळा तिथली. मी इथं, कारण मामा इथं. मामांना अलीकडे आठवत नाही. आधी माणसांची नावं गेली, मग शेतांची, मग कोणता महिना चाललाय ते. जालन्याला नेलं तर दोन दिवसांत घर घर करत रस्त्यावर गेले, म्हणून परत आणलं. काही दिवस मी त्यांची बहीण असते, काही दिवस जनगणनेला आलेली कुणी बाई. दिवस कलला की त्यांना भीती वाटते. काय दिसतं ते सांगता येत नाही, पण जवळ असेल त्याचं मनगट धरून बसतात. ती पकड अजून शेतकऱ्याची आहे. म्हणून मी संध्याकाळचा स्वयंपाक दुपारीच करून ठेवते.

खेळ लागला की मी त्यांच्या शेजारी बैठकीत, खाटेवर बसते. सगळा पडदा दिसतो, चारही उत्तरं दिसतात. मधल्या खोलीचं दार उघडं असतं आणि आत यंदाचा कापूस असतो. पदर कुठं आहे ते कुणी बघत नाही. उत्तरं अजून येतात मला. पण मोठ्यानं म्हणायची सवय गेली.

काल मात्र निघून गेलं तोंडातून. कुठल्याशा सामुद्रधुनीचं नाव होतं. खुर्चीतला माणूस घाम पुसत होता आणि मी त्याच्या आधी बोलून गेले. चौकट हिरवी झाली. मामांनी माझ्याकडे वळून नीट निरखून पाहिलं. पाहुण्या बाईशी बोलावं तशा अदबीनं म्हणाले, "बाई, लई हुशार दिसता तुम्ही. किती शिकल्या?"

"कॉलेजचं एक वर्ष."

"मंग पुढं का न्हाई?"

"घरच्यांनी जाऊ दिलं न्हाई."

टीव्हीवर जाहिरात आली आणि गेली. मला वाटलं, विसरले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्यापुढे कधी उच्चारलं नव्हतं.

"चुकलं त्यांचं," मामा म्हणाले. अगदी स्वच्छ, जुन्या आवाजात. "लई चुकलं. असं करू नाई पोरीच्या जातीला." मग माझ्याकडे झुकून, धीर द्यावा तसं म्हणाले, "पन आता तर जाता येतं ना? आता जा की. आता कोन धरून ठेवलंय तुम्हाला?"

मनगटावरची त्यांची बोटं इतकी घट्ट होती की बांगड्या हाडाला रुतत होत्या.

"कुनीच न्हाई," मी म्हणाले.